वासराचे वजन आणि धोरणाचे माप

गोठ्यात जन्मलेल्या वासराचे वजन हा राजकीय विचाराचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाला वाटत नाही. जमीनधारणा, पाणीवाटप, पीककर्ज, हमीभाव ह्या प्रश्नांवर ठराव होतात, मोर्चे निघतात. जनावरांच्या पैदाशीचा प्रश्न मात्र तज्ज्ञांचा मानून त्यांच्याकडे सोपवला जातो. वस्तुतः परभणी जिल्ह्यातील तीन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या संसारात गाय विण्याची रात्र ही पाऊस पडण्या-न पडण्याइतकीच निर्णायक असते. वासरू बेताचे असले, गाय धडधाकट असली, तर सकाळी घरात चीक असतो आणि पुढचे आठ-दहा महिने हातात रोज काही पैसे येतात. वासरू गायीच्या मानाने मोठे असले, गाय अडली आणि वेळेवर मदत मिळाली नाही, तर वासरू जाते, कधी गायही जाते. जगली तरी जार अडकते, गर्भाशय सुजते, माज लांबतो आणि एका वेताचे उत्पन्न बुडून ती खुंट्यावर बसून खाते. ह्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही शासकीय अहवालातील उद्दिष्टपूर्तीच्या रकान्यात येत नाही. म्हणूनच त्याचा विचार राजकारणाने करावयास हवा.

प्रश्नाचे शास्त्रीय अंग प्रथम समजून घेतले पाहिजे. गायीचा गर्भकाळ साधारण २८० ते २८५ दिवसांचा असतो आणि वासराच्या जन्मवजनापैकी दोन तृतीयांशाहून अधिक भर शेवटच्या तीन महिन्यांत पडते. जन्मवेळचे वजन सामान्यतः गायीच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के असते. लाल कंधारी गायीचे वासरू वीस किलोंच्या आसपास भरते, जर्सीचे पंचवीसच्या आणि होल्स्टिन फ्रिजियनचे चाळीसच्या. गोऱ्हा कालवडीपेक्षा एक-दोन किलोंनी जड असतो. वासरावासरांतील वजनाच्या फरकापैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग आनुवंशिकतेने ठरतो; बाकीचा गायीचे वय, तिचा बांधा, तिचे वेत आणि तिच्या पोटात गेलेला चारा ह्यांवर अवलंबून असतो. अर्थात वळूची निवड आणि गायीचे पोषण ह्या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातच्या आहेत. नियती म्हणून सोडून द्यावे, असे ह्यात फारच थोडे आहे.

वळू गावातून गेला

परभणी-नांदेड-लातूर हा पट्टा गोवंशाच्या दृष्टीने दरिद्री नव्हे. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी ह्या दोन्ही जाती ह्याच मातीत घडल्या. काळ्या चिकण जमिनीत नांगर ओढणारा बैल हे त्यांचे मुख्य प्रयोजन, दूध दुय्यम. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ह्या जनावरांची पारख करणारे डोळे आजही दिसतात. कंधारी गाय एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते. बैलाला मागणी होती तोवर तेवढे पुरे होते, कारण गायीचे खरे उत्पन्न दूध नव्हते, तर गोऱ्हा होता.

ट्रॅक्टर आला, बैलाची किंमत उतरली आणि हा हिशेब उलटला. १९७० मध्ये दुग्धमहापूर योजना सुरू झाली. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने संकरीकरणाचा जोरदार पुरस्कार केला. त्यापूर्वीच, १९६७ मध्ये, मणिभाई देसाई ह्यांनी उरुळीकांचन येथे बाएफ संस्था स्थापून गोठित रेताचे काम महाराष्ट्रात रुजवावयास आरंभ केला होता. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच वर्षीचे. विद्यापीठाच्या संकरित गो पैदास प्रकल्पात होल्स्टिन आणि देवणी ह्यांच्या संकरातून ‘होलदेव’ गाय घडवण्याचे प्रयत्न झाले. दूध वाढले पाहिजे, ते गरिबाच्या गोठ्यात वाढले पाहिजे, हा त्या काळाचा उद्देश चुकीचा होता असे कोणी म्हणू नये.

चूक झाली ती दुसरीकडे. वळू गावात होता तेव्हा तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. त्याची वासरे कशी निपजतात, त्याच्याकडून फळलेल्या गायी सुखरूप वितात की नाही, हे गावाला ठाऊक असे. हे ज्ञान अपुरे असेल, पण ते सार्वजनिक होते. गोठित रेताची कांडी आली आणि वळू दृष्टीआड झाला. ज्या गायीच्या पोटात ते बीज जाणार, तिच्या मालकाला वळूची जात तेवढी कळते. त्याच्या संततीचे सरासरी जन्मवजन किती, पहिलारू कालवडीला तो चालेल काय, ह्याची माहिती त्याला कोणी देत नाही. पात्रात जी कांडी शिल्लक आहे ती टोचली जाते. पैदास धोरण कागदावर शहाणे आहे: जातिवंत जनावरांच्या पट्ट्यात शुद्ध पैदास करावी, संकर गावठी जनावरांत करावा, असे ते सांगते. पण कोणती गाय कोणत्या वळूला, हा निर्णय प्रत्यक्षात पुरवठ्याच्या सोयीने होतो. आणि निर्णय ज्याचा, जोखीम त्याची नाही.

शास्त्र काय सांगते?

मोठ्या जातीच्या वळूचे बीज लहान गायीत गेले की गाय अडून मरतेच, अशी एक सरसकट समजूत खेडोपाडी आहे. ती तपासून घेणे आवश्यक आहे, कारण अर्धसत्यावर उभारलेला विरोध टिकत नाही. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड ह्या शास्त्रज्ञांनी प्रचंड आकाराचे शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू ह्यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला. मोठी घोडी आणि लहान तट्टू ह्यांचे शिंगरू मोठे निपजले. लहान तट्टाणी आणि मोठा घोडा ह्यांचे मात्र तट्टाणीला पेलेल इतकेच लहान. बीज कोणाचेही असो, आईचा देह गर्भाच्या वाढीला आवर घालतो, हे त्यातून दिसले. अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांतही हाच अनुभव आला. तेथील ब्राह्मन ही जात भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, नेलोर, कृष्णाकाठ अशा वशिंडाच्या गुरांपासून बनलेली आहे. ब्राह्मन वळू युरोपीय जातीच्या गायीला दाखवला तर वासरू जड निघते. उलट ब्राह्मन गायीच्या पोटी युरोपीय वळूचे वासरू हलके निघते. आपल्या वशिंडाच्या गायीची कूस गर्भाला आवर घालण्यात विशेष समर्थ आहे.

मग धोका कोठे आहे? तो दोन ठिकाणी आहे. पहिला, अपुऱ्या वाढीच्या कालवडीत. गावठी कालवडीचे पहिले वेत चार वर्षांच्या सुमारास होते. संकरित कालवड दीड वर्षातच माजावर येऊ शकते. माज आला म्हणजे देह तयार झाला असे नव्हे. पूर्ण वाढीच्या गायीच्या वजनाच्या निदान साठ टक्के वजन झाल्याखेरीज कालवड फळवू नये, हा साधा नियम आहे. संकरित कालवडीच्या बाबतीत हे वजन साधारण अडीचशे किलो होते. पण जिथे चारा विकत घ्यावा लागतो, कर्जाचा हप्ता उभा असतो, तिथे माज वाया घालवणे परवडत नाही. दुसरा धोका पुढच्या पिढीत आहे. कंधारी गायीची अर्धरक्ताची कालवड पुन्हा होल्स्टिनच्याच बीजाने फळवली की वासरात विदेशी रक्त पाऊण होते आणि ते अधिक जड निपजते. पण त्याला वाहणाऱ्या आईत वशिंडाच्या गायीचे रक्त निम्मेच उरलेले असते आणि अपुऱ्या खाण्याने तिचा बांधा लहान राहिलेला असतो. पहिल्या पिढीत सुखरूप पार पडलेला संकर दुसऱ्या पिढीत अडतो, तो ह्यामुळे. दोष केवळ विदेशी बीजाचा नाही. पिढीगणिक हिशेब न ठेवणाऱ्या व्यवस्थेचाही आहे.

मांसोत्पादक देशांनी हा हिशेब ठेवला, तो दयाबुद्धीने नव्हे, नफ्याच्या गणिताने. शेकडो गायींच्या कळपावर दोन-चार गुराखी असले की प्रत्येक गायीच्या उशाशी माणूस बसू शकत नाही. गाय एकटीने विणे हीच तेथील अर्थव्यवस्थेची अट आहे. म्हणून तेथे वळूच्या नावापुढे त्याच्या संततीचे अपेक्षित जन्मवजन आणि प्रसूतीची सुलभता ह्यांचे आकडे छापले जातात, आणि कालवडींसाठी हलक्या वासरांचे वळू वेगळे राखले जातात. ह्याच देशांनी उलट टोकही गाठले आहे. बेल्जियमच्या ‘बेल्जियन ब्ल्यू’ जातीत मांसल देहाच्या हव्यासापायी बहुसंख्य वासरे पोट फाडून काढावी लागतात. बाजाराला सोडून दिले तर जनावराचे शरीर कोणत्या थराला नेले जाते, ह्याचे ते जिवंत उदाहरण आहे. तेथील नोंदवहीची शिस्त घ्यावी. तेथील प्रयोजन घेण्याचे कारण नाही.

आणखी एक धडा तेथूनच आलेला आहे. वासरू लहान राहावे म्हणून गाभण गायीचा चारा शेवटच्या महिन्यांत तोडून पाहण्याचे प्रयोग झाले. वासरू थोडे लहान झाले, पण प्रसूती सुलभ झाली नाही. गाय अशक्त, कळा मंद, चीक कमी, वासरू मरतुकडे आणि पुढचा माज लांबलेला, असेच फळ पदरात पडले. परभणीच्या शेतकऱ्याने हा प्रयोग मुद्दाम केलेला नाही. दुष्काळाने आणि पीकपद्धतीने तो त्याच्यावर लादला आहे.

कडब्याचे अर्थशास्त्र

परभणी हा रब्बी ज्वारीचा मुलूख. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही विद्यापीठाच्या ज्वारीच्या वाणांची नावेच त्याची साक्ष आहेत. ज्वारी दोन पिके देत असे: माणसाला भाकरी आणि गुरांना कडबा. गेल्या तीन दशकांत खरिपाचे रान सोयाबीनने व्यापले. सोयाबीन रोख पैसा देते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. बाजारभावाने पिकाचा निर्णय झाला आणि गायीच्या दावणीची किंमत त्या भावात कोणी धरली नाही. आषाढात विणाऱ्या गायीचे शेवटचे तीन महिने चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठात येतात. नेमक्या त्याच वेळी गावात हिरवी काडी नसते. सरकी पेंड विकत घेण्याची ऐपत बागायतदाराची असते. कोरडवाहूवाल्याची गाय भुसकटावर दिवस काढते. एकाच गावात, एकाच वळूच्या बीजाने, बागायतदाराची गाय सुखरूप विते आणि अल्पभूधारकाची अडते. वासराच्या जन्मवजनात गावाची वर्गरचना उतरते, ती अशी.

ह्या कष्टाचा मोठा वाटा स्त्रियांवर आहे. चारा आणणे, शेण काढणे, धार काढणे आणि विणाऱ्या गायीपाशी रात्र जागणे हे प्रायः त्यांच्या वाट्याला येते. बचतगटाच्या कर्जातून गाय घेतली असेल, तर बुडालेल्या वेताचा हप्ताही त्यांनाच भरावा लागतो. असे असून रेतनाच्या वेळी कोणते बीज टोचावे, हे त्यांना कोणी विचारत नाही.

नुकसान झाल्यावर सावरण्याचे मार्गही अरुंद झाले आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होतीच. १९९५ च्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळून ती बंदी बैल आणि वळू ह्यांनाही लागू झाली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदीचा तो भाग कायम ठेवला. परिणामी म्हातारा बैल विकून नव्या जोडीला भर घालण्याची जुनी वाट बंद झाली आणि संकरित गोऱ्हा जन्मतःच ओझे ठरू लागला. नांगराला कोणी विचारीत नाही, बाजारात कोणी घेत नाही. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवल्या तर देशातील नर गोवंश सुमारे तीस टक्क्यांनी घटलेला दिसतो, तर मादी गोवंश अठरा टक्क्यांनी वाढला आहे. महाराष्ट्रात ह्याच काळात एकूण गोधन सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाले. गोवंशाच्या रक्षणाचा घोष ज्या काळात सर्वांत मोठा होता, त्याच काळातले हे आकडे आहेत. गाय पूज्य ठरवणे सोपे असते. तिच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या चाऱ्याची तरतूद करणे कठीण असते.

आता लिंगनिश्चित रेताच्या कांड्यांचा पुरस्कार होत आहे. कालवडच जन्मावी ही शेतकऱ्याची इच्छा रास्त आहे. कालवडीचे वासरू हलके असल्याने पहिलारू जनावराला त्याचा थोडा लाभही आहे. तथापि ह्या कांडीने गाभण राहण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असते, आणि चाऱ्याचा, दवाखान्याचा, वळूच्या माहितीचा प्रश्न ती सोडवीत नाही. तंत्र बदलले, जोखमीची वाटणी बदलली नाही, असेच होण्याचा संभव अधिक.

दोन टोके टाळून

ह्या प्रश्नावर दोन भूमिका सतत कानावर पडतात. एक म्हणते, विदेशी रक्त मुळातच अशुभ. सर्वांनी देशी गायीकडे परतावे. दुसरी म्हणते, उत्पादन वाढवा. बाकी सर्व भावनिक बडबड. पहिलीला महात्मा फुल्यांचे स्मरण करून द्यावे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी परदेशांतील उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्यांचे बेणे सरकारने आणावे, अशी मागणी केली होती. बेणे कोठले, ह्यापेक्षा ते शेतकऱ्याच्या उपयोगी पडते काय, हा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या भूमिकेला प्राध्यापक वि. म. दांडेकरांचे स्मरण द्यावे लागेल. भारतीय गोवंशाच्या संख्येवर १९६० च्या दशकात झालेल्या वादात मार्विन हॅरिस ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रतिपादनाला दांडेकरांनी आक्षेप घेतला, तो हिशेबाच्या आधारे. गुरांचा विचार चारा, संख्या आणि उत्पादन ह्यांच्या मेळातूनच करावयाचा असतो. चारा न वाढवता केवळ जनावराची क्षमता वाढवणे हाही बेहिशेबीपणाच होय.

ह्यातून काही मागण्या सरळ निघतात. रेतनकेंद्रात प्रत्येक वळूच्या संततीचे सरासरी जन्मवजन आणि प्रसूतीचा अनुभव मराठीत फलकावर लावला पाहिजे. पहिलारू कालवडींसाठी सुलभ प्रसूतीचे वळू राखून ठेवले पाहिजेत आणि लाल कंधारी व देवणीच्या शुद्ध पट्ट्यात त्याच जातींच्या सिद्ध वळूंच्या कांड्या कधीही कमी पडता कामा नयेत. अर्धरक्ताच्या कालवडीला पुढे कोणते बीज द्यावे, हे तिच्या नोंदीवरून ठरले पाहिजे. जनावरांच्या कानात आज बारा अंकी बिल्ला आहे. त्या क्रमांकापुढे टोचलेल्या कांडीइतकीच वासराच्या वजनाची आणि अडलेल्या प्रसूतीची नोंद महत्त्वाची मानली जावी, आणि ती माहिती ज्याच्या गोठ्यातून आली त्याच्याकडे परत जावी. गाभण गायींसाठी उन्हाळ्यातील तीन महिने सवलतीत चारा व पेंड मिळावी. चारा छावणी दुष्काळ जाहीर झाल्यावर उघडते, गर्भ तोपर्यंत थांबत नाही. गायरानांवर वैरण वाढवताना भूमिहीनांच्या हक्कांवर गदा येता कामा नये. गाय आणि भूमिहीन ह्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी योजना ही योजनाच नव्हे. आणि तालुक्याच्या ठिकाणी तरी रात्री पशुवैद्यक उपलब्ध असावा, कारण गायी कार्यालयीन वेळेत वितात असा नियम नाही.

ह्यातील काही कामासाठी शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. गंगाखेड, पालम, जिंतूर, सेलू अशा तालुक्यांत जेथे कार्यकर्त्यांचा गोठ्यापर्यंत वावर आहे, तेथे एक वही आणि एक तागडी पुरेशी आहे. तागडी नसेल तर वासराच्या छातीचा घेर टेपने मोजूनही वजनाचा अंदाज बांधता येतो. गायीचा बिल्ला क्रमांक, वेत, कांडीवरील वळूचा क्रमांक, वासराचे वजन, गाय आपोआप विली की ओढून काढावे लागले, आणि पुन्हा माजावर कधी आली: एवढे सहा रकाने. दहा गावांत दोन वर्षे ही वही प्रामाणिकपणे भरली गेली, तर जिल्हा परिषदेच्या बैठकीत भावनेऐवजी आकडा बोलेल. परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. त्या वह्यांचा अर्थ लावण्याचे काम तेथील विद्यार्थ्यांकडून करून घेणे अशक्य नाही. लोकांनी जमवलेले ज्ञान आणि विद्यापीठातील शास्त्र ह्यांची गाठ पडण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

नियोजनाची परीक्षा पंचवार्षिक आकड्यांत होते, तशी ती गोठ्यातही होते. रेतने किती झाली, हे विचारणारे खाते आजवर पुष्कळ झाले. वासरू किती किलोचे झाले, गाय उठून उभी राहिली काय आणि त्या रात्रीचा खर्च कोणी सोसला, हे विचारणारी चळवळ अद्याप व्हावयाची आहे.